हवालदारांची टकटक

आवाजाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला मुकं यंत्र कधी घाबरवत नाही. आवाज अजिबात येत नसेल तर काहीतरी तुटलंय, जळलंय किंवा निसटलंय, एवढं तरी नक्की असतं. मीटर घ्यायचं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं, वाटेत चोर सापडतोच. सतत घुंई होत असेल तर अर्थिंग बघायचं. खरखर असेल तर आवाजाचं बटण उघडून साफ करायचं. पण एखादं गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "बाई, गाणं लागलं की मधेच टक्‌ असं हुतंय," तर मी आधी त्याला स्टूल द्यायचे आणि दोन चहा सांगायचे. टक्‌ कुठूनही येते. यंत्रातून येते, वायरीतून येते, शेजारणीच्या फ्रिजमधून येते. आणि मिस्त्री दारात आला की येतच नाही.

मिस्त्री म्हणजे मी. माधवनगरला वडिलांचं रेडिओचं दुकान होतं, गिरणीचा भोंगा वाजायचा त्या काळातलं. मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि त्याच दुकानात बसले. नवीन माणूस आला की विचारायचा, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणायचे, "मीच." तो आत डोकावून म्हणायचा, "तसं न्हाई, मोठं मिस्त्री?" पुढे केस पांढरे झाले तेव्हा हा प्रश्न बंद झाला. आता पुढच्या अर्ध्या दुकानात एकजण मोबाइलची कव्हरं विकतो आणि मागच्या अर्ध्यात मी बसते. लोक मला रेडिओवाल्या बाई म्हणतात.

टक्‌ किती फसवी असते ते सांगण्यासाठी वडूजच्या गुरुजींचं उदाहरण देते. गुरुजी निवृत्त होऊन माधवनगरला लेकीकडे राहायला आले होते. हेडफोन लावून भजनं ऐकायची त्यांना सवय. त्यात टक्‌ होते म्हणून त्यांनी हेडफोन बदलले, मोबाइल बदलला, शेवटी माझ्याकडे आले. मी एकाच यंत्राला दोन हेडफोन लावले, एक त्यांना, एक मला, आणि समोर बसले. गुरुजी बोट वर करून म्हणायचे, "हा बघा, आला!" मला काहीच नाही. बराच वेळ असं झाल्यावर माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. भजन रंगलं की गुरुजी समेवर दात आवळत होते आणि नवी कवळी वाजत होती. कान हेडफोनने गच्च बंद, त्यामुळे तो आवाज हाडातून थेट आत जात होता. आता हे सांगायचं कसं? मी म्हटलं, "गुरुजी, हेच भजन एकदा कवळी काढून ऐका." त्यांनी ऐकलं. मग कवळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि निघून गेले. त्यानंतर ते दुकानावरून जाताना पलीकडच्या पिठाच्या गिरणीकडे बघत जायचे.

पण माझी कसोटी पाहिली ती शिराळ्याच्या पुढच्या एका गावात, सर्जेराव हवालदारांच्या घरी.

सर्जेराव फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण बाकीचे बंदूक चालवून आले होते आणि सर्जेराव क्लॅरिनेट वाजवून. पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी उभी नोकरी काढली होती. निवृत्तीनंतर त्यांची एकच हौस राहिली होती. संध्याकाळी आंघोळ करायची, इस्त्रीचा सदरा घालायचा, अंगणात खुर्ची टाकायची आणि बँडच्या धुना ऐकायच्या. पुण्याच्या मुलाने त्या पेनड्राइव्हवर भरून दिल्या होत्या. ॲम्प्लिफायर मात्र त्यांना बाजारातला नको होता. त्यांच्या साडूंकडे मी हाताने बांधलेला ॲम्प्लिफायर होता, तसाच हवा म्हणून त्यांनी माझ्याकडून करून घेतला. तो बसवायला मी स्वतः गेले होते. एक स्पीकर त्यांनी सोप्यात लावून घेतला आणि दुसरा अंगणाच्या पार टोकाला, फणसाच्या झाडावर.

"इतक्या लांब कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, बँड लांबून येतोय असं वाटाय पायजे," ते म्हणाले. "तोंडापुढं बँड फकस्त कर्नलसायेबांच्या असतो."

मी लांबच लांब वायर ओढून दिली. यंत्र सुरेख वाजलं. हवालदारांनी खुर्चीत बसल्या बसल्या टाचा जुळवल्या. महिना-दीड महिना सगळं ठीक होतं. मग एके दिवशी फोन आला.

"मॅडम, तुमच्या मशीनमधी कुणीतरी बसलंय."

"कोण बसलंय?"

"ते ठावं न्हाई. पर त्याला ताल कळत न्हाई."

एसटीनं शिराळा आणि तिथून वडापच्या जीपनं गाव, असं करत मी दुपारी पोचले. दिवसभर धुना लावल्या. टक्‌ काही आली नाही. हवालदारांच्या पत्नी इंदूवहिनींनी जेवायला वाढलं. जेवणानंतर परत धुना. चार वाजेपर्यंत माझे पाय टेबलाखाली आपोआप कदमताल करायला लागले होते, पण टक्‌ नाही. इतक्या लांब येऊन काहीच न करता जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी आवाजाचं बटण बदललं आणि निघाले. घरी पोचून चपला काढतेय तोच फोन वाजला.

"आला," हवालदार म्हणाले आणि त्यांनी फोन स्पीकरसमोर धरला. बँड जोरात वाजत होता आणि त्यात, अगदी ठरल्यासारखी, टक्‌... टक्‌... टक्‌.

दुसऱ्या वेळी मी यंत्रच उचलून दुकानात आणलं आणि सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत चालू ठेवलं. असे बरेच दिवस. मोबाइलची कव्हरं विकणारा चालताना छाती पुढे काढायला लागला, पण यंत्राने एक टक्‌ काढली नाही. परत नेऊन बसवलं. त्याच संध्याकाळी फोन. "आला."

मला झोंबलं. बाजारातलं यंत्र असतं तर कंपनीच्या नावाने खडे फोडून मोकळी झाले असते. हे माझ्या हातचं होतं. त्याच्या पोटातला सोल्डरचा प्रत्येक डाग मी स्वतः दिलेला. मी ठरवलं की आता संध्याकाळी तिथे हजर राहायचं, दोन दिवस लागले तर दोन दिवस.

तिसऱ्या वेळी गेले तर अंगणात वेगळीच धून चालू होती. अगदी सावकाश, जड. हवालदार डोळे मिटून बसले होते. इंदूवहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आता तुमीच कायतरी करा. आठ दिस झालं, ह्यांनी हीच लावून ठेवलीया."

"कसली धून ही?"

"मयताची."

हवालदारांनी डोळे उघडून खुलासा केला. टकटक चालीच्या, म्हणजे संचलनाच्या धुनेत बसत नव्हती, फार संथ होती. पण फौजेत अंत्ययात्रेला जी संथ चाल चालतात तिच्याशी ती बरोबर जुळत होती. "निदान तालात तरी येतीया," ते म्हणाले.

"व्हय," वहिनी म्हणाल्या, "आन परवा खालच्या आळीची बाई दारात येऊन इचारून गेली, कोन गेलं म्हून."

दिवेलागणीला टकटक सुरू झाली. मी स्वतःच्या कानांनी ऐकली तेव्हा, खरं सांगते, बरं वाटलं. आता घरातली एकेक वस्तू बंद करून बघायची होती. हे काम हवालदारांनी हातात घेतलं. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि हुकूम सोडू लागले.

"फ्रिज, बंद!"

"केला," आतून वहिनी.

"पंखा, बंद! टीवी, बंद! चार्जर, काढ!"

टक्‌. टक्‌.

भिंतीवरचं घड्याळ उतरवून शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. टक्‌. वायरमन ओळखीचा होता. हवालदारांनी त्याला बोलावून सगळ्या आळीची वीज बंद करायला लावली. माझं यंत्र बॅटरीवरही चालतं. मुलाच्या जुन्या मोटारीची बॅटरी आणून जोडली. अख्खी आळी अंधारात, लोक दारात उभे, आणि मधे माझं यंत्र एकटंच मयताची धून वाजवतंय. त्यात टक्‌... टक्‌...

"नागोबा आसंल," एक म्हातारी म्हणाली. "वाजाप ऐकून आला आसंल."

"नाग डोलतो, म्हातारे. टकटक कशाला करंल?" हवालदार म्हणाले.

"वय झालं आसंल. सांधं वाजत असतील."

वायरमनने वीज परत जोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाई, आता इसय क्लिअर हाय. दोष तुमच्या मशीनमधीच हाय." लोकांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. जेवताना वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, ताई. आमी सवय करून घिऊ." वायरमनच्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उजेड असेपर्यंत पुन्हा सगळं शांत. मी यंत्र उघडून बघितलं, झाकण लावून ठेवलं, पुन्हा उघडलं. संध्याकाळी चहा घेताना हवालदारांचा छोटा रेडिओ हातात घेतला. काही शोधायचं म्हणून नव्हे, बाजारभाव तरी ऐकावेत म्हणून. बटण फिरवताना काटा दोन स्टेशनांच्या मधे थांबला आणि रेडिओतून आलं, टक्‌... टक्‌... टक्‌.

मी कप खाली ठेवला. सोप्यात यंत्र बंद होतं. वायरसुद्धा काढलेली होती. म्हणजे टकटक माझ्या यंत्रात नव्हतीच! हवेतून येत होती. त्या क्षणी वायरमन समोर असता तर मी त्याला पेढा भरवला असता.

रेडिओ हातात धरून मी अंगणात फिरू लागले. गोठ्याकडे गेले, आवाज बारीक झाला. घराकडे वळले, थोडा वाढला. फणसाकडे निघाले तसा मोठा मोठा होत गेला. फणसाच्या पलीकडे बांध, बांधावर निवडुंग आणि घाणेरी, आणि त्या पलीकडे कुणाचा तरी मका. मी झाडीतून वाकून पाहायला गेले, आधाराला हात पुढे केला, आणि टक्‌ आणि मी एकदमच झालो.

हातातला रेडिओ उडून पलीकडच्या मक्यात पडला आणि तिथे पडून टकटकत राहिला. मी बांधावर बसकण मारली. दंडापर्यंत मुंग्या. पलीकडून एका बाईच्या हसण्याचा आवाज आला.

"आवं ताई, झटका हाय त्यो! बोर्ड लावलाय की!"

"कुठे आहे बोर्ड?"

"ह्या अंगाला. डुकरांच्या."

खरंच बोर्ड होता. धोक्याची सूचना डोंगराकडून येणाऱ्या डुकरांना दिसेल अशी लावलेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात, म्हणून शेताभोवती तार ओढून तिला झटका मशीन जोडतात. मशीन बॅटरीवर चालतं. क्षणभर जोराचा झटका सोडतं, क्षणभर थांबतं, परत सोडतं. त्याने जनावर मरत नाही, पण परत यायचं नाव काढत नाही. माझ्याबद्दलही तेच म्हणता येईल. आता ही तार सगळीकडे नीट अधांतरी असेल तर कुणाला त्रास नाही. पण ती कुठे पानाला, फांदीला टेकली तर प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी उडते. ठिणगी उडाली की आसपासच्या रेडिओत टक्‌ उमटते. आणि फणसापर्यंत ओढलेली माझी ती लांबच लांब वायर म्हणजे टक्‌ पकडून आणणारी एरियलच झाली होती. मशीन दिवस मावळताना लावायचे आणि सकाळी बंद करायचे. म्हणून माझ्या दुपारच्या फेऱ्या फुकट गेल्या होत्या.

मी हवालदारांना हे सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे हिंदुराव."

"कोण हिंदुराव?"

उत्तर वहिनींनी दिलं. "माझं धाकलं दीर. ह्यांचं सख्खं भाऊ. आता तुमाला हसली ती रंजना, माझी जाऊ."

दोघे भाऊ बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचारलं तर वहिनींनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला आणि सांगितलं. हवालदार निवृत्त होऊन आले तेव्हा गावाने त्यांची मिरवणूक काढायची ठरवली. हिंदुरावांनी त्यासाठी आपला ट्रॅक्टर धुतला, झेंडूच्या माळा लावल्या, ट्रॉलीत गादी टाकली आणि ते वेशीवर जाऊन उभे राहिले. पण हवालदार एसटीतून उतरले ते समोर उभ्या असलेल्या सरपंचांच्या उघड्या जीपमध्ये चढले. ट्रॅक्टर त्यांना दिसलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. सजवलेला ट्रॅक्टर दिसत नाही असा माणूस सरहद्दीवर काय करत होता, असं हिंदुरावांचं म्हणणं. जावाजावांचं मात्र उत्तम चाललं होतं. बांधावरून रोज ताक इकडे यायचं आणि कालवण तिकडे जायचं. पुरुषांच्या ताटात ते पडायचं, पण कुठून आलं ते कुणी विचारायचं नाही.

मी बांधाला वळसा घातला, मक्यात पडलेला रेडिओ उचलला आणि हिंदुरावांकडे गेले. ते मक्याच्या कडेला बसून विळ्याला धार लावत होते. टकटकीची हकिकत ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"त्याला ऐकू येतंय?"

"रोज संध्याकाळी."

"लय तरास हुतोय?"

"हो."

"आसं," म्हणून ते समाधानाने धार लावू लागले. "ताई, मशीन काय मी बंद करनार न्हाई. माझा मका हाय. डुकरं बँड ऐकून पळत न्हाईत."

मी परत आले. हवालदारांनी निरोप ऐकला आणि सरळ बसत म्हणाले, "त्याला सांगा, बंद कर म्हनत न्हाई मी. तालात लाव म्हनतोय. जरा फास्ट केलं की चालीच्या धुनेत बसंल."

मी पुन्हा बांधाला वळसा घातला. मिस्त्रीकामाच्या इतक्या वर्षांत डुकरांना कदमतालात झटका द्या असा निरोप घेऊन मी कधी गेले नव्हते. हिंदुरावांनी निरोप गंभीरपणे ऐकून घेतला, मशीनपाशी जाऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "बटन न्हाई त्याला तसलं." मग विळ्याकडे वळत, "आन असतं तरी फिरवलं नसतं. हे बी सांगा."

मी तो निरोप पोचवला नाही. दोन्ही घरांना ऐकू जाईल अशी बांधाजवळ उभी राहिले आणि शाळेतल्या बाईंसारखं मोठ्याने सांगितलं. तार कुठेतरी टेकतेय. जिथे टेकतेय तिथून झटका गळतोय, म्हणजे पुढच्या तारेत जोर राहत नाही आणि डुकरं तिकडून आत येऊ शकतात. गळती बंद केली तर मका वाचेल आणि टकटकही जाईल. ती शोधायची तर रेडिओ घेऊन तारेच्या कडेने चालायचं. जिथे टक्‌ सगळ्यात मोठी, तिथे गळती.

"रेडिओ मी धरनार," हवालदार लगेच म्हणाले. "कान माझा हाय."

"मग तार मी बघनार," पलीकडून हिंदुराव. "तार माझी हाय."

अशी आमची वरात निघाली. बांधाच्या अलीकडे रेडिओ कानाला लावून हवालदार, पलीकडे विळा घेऊन हिंदुराव, आणि हवालदारांच्या मागे मी. शेताच्या कोपऱ्यात मशीनपाशी रंजना उभी, चालू-बंद करायला. दोघा भावांत फार तर हातभर अंतर होतं.

"मॅडम," हवालदार म्हणाले, "त्याला सांगा, हितं वाढला."

मी तोंड उघडायच्या आत हिंदुराव म्हणाले, "ताई, त्याला सांगा, ऐकलं."

"मॅडम, त्याला म्हनावं, गवत कापायच्या आधी मशीन बंद करायला सांग. हात पोळंल."

"ताई, त्याला म्हनावं, मला कळतंय."

"मॅडम, त्याला इचारा, हिरीत पवायला उडी टाकली तवा कळत हुतं का? कुनी काढला वर?"

हिंदुरावांनी विळा खाली घेतला. "ताई, त्याला म्हनावं, त्ये काढलं त्याचं अजून किती वरीस ऐकायचं?"

मी मधे उभी राहून या बाजूला आणि त्या बाजूला मान हलवत होते. निरोप पोचवायची गरजच नव्हती. पण मी तिथून हलले असते तर दोघेही गप्प झाले असते, हेही मला दिसत होतं.

गवत कापत कापत आम्ही फणसापाशी आलो आणि रेडिओ एकदम कडाडला. हवालदारांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. फणसाची एक फांदी बांधावरून पलीकडे गेली होती आणि तारेवर रेलली होती. तिच्या भाराने, तार खांबाला लागू नये म्हणून मधे बसवलेला प्लास्टिकचा तुकडा चिरला होता. संधिप्रकाशात तिथली ठिणगी स्पष्ट दिसत होती.

"फांदी कुनाची हाय इचारा," हिंदुराव म्हणाले.

"तार कुनी वढली इचारा," हवालदार म्हणाले. "फांदी आधीपासनं हाय."

"फांदी वाढली! तार हाय तितंच हाय!"

"ताई, सरका बाजूला," मागून रंजनाचा आवाज आला. मशीन बंद करून ती कोयता घेऊन आली होती. दोन घावांत तिने फांदी खाली पाडली, कोयता टेकवून ठेवला आणि परत मशीनकडे निघून गेली. दोघे भाऊ पडलेल्या फांदीकडे बघत राहिले.

मी चिरलेला तुकडा बदलला, फणसावरचा स्पीकर उतरवून गोठ्याच्या बाजूला लावला, वायर आखूड केली. मशीन सुरू झालं. हवालदारांनी चालीची धून लावली. टकटक गेली होती. अगदीच गेली होती असं नाही. धून संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या शांततेत, कान दिला तर, लांबवर कुणी सुपारी फोडतंय इतकी बारीक टक्‌ यायची.

"तीही काढते," मी म्हटलं. "त्यांच्या मशीनची जमिनीत पुरलेली सळई थोडी पलीकडे नेली की झालं."

"नको," हवालदार म्हणाले.

"अर्ध्या तासाचं काम आहे."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. एवडं चालतंय."

मला ते आवडलं नाही. माझ्या हातच्या यंत्रातून येणारा कुठलाही जादा आवाज मला माझा अपमान वाटतो. पण गिऱ्हाईक नको म्हणालं की हत्यारं पिशवीत भरायची, हे वडिलांनी शिकवलेलं. मी परत आले.

मग काही आठवड्यांनी, असाच दिवस मावळताना, फोन आला.

"मॅडम, टकटक बंद झाली."

"ती तर मागेच झाली."

"न्हाई, ती बारकी. ती बी बंद झाली. पार."

"वा," मी म्हटलं. "छान झालं की."

"छान काय?" त्यांचा आवाज चढला. "म्हंजे त्याची मशीन बंद पडलीया! मका दुधात आलाय! डुकरं कवाची डोंगराच्या कडंला येऊन बसल्यात!"

"मग सांगा त्यांना."

फोनवर ते खाकरले. मग, "तुमी फोन लावा त्याला."

"मी माधवनगरला आहे, हवालदार. तुम्ही बांधावर आहात. वहिनींना सांगा, त्या रंजनाला सांगतील."

"त्या दोगी डोहाळजेवनाला गेल्यात शिराळ्याला."

"मग हाक मारा."

"हाक?" ते असे म्हणाले, जणू मी त्यांना बांधावरून कोलांटी मारायला सांगितली होती. "त्यो म्होरल्या अंगाला बसलाय. मला दिसतोय. त्याला ठावंच न्हाई बगा." माझ्याकडे हिंदुरावांचा नंबर होता, पण मी तो लावणार नव्हते.

"थांबा," ते म्हणाले. फोन खुर्चीवर ठेवल्याचा आवाज झाला. कशाचं तरी झाकण उघडलं. आणि मग क्लॅरिनेट वाजायला लागलं. फौजेत धोक्याचा इशारा बिगुलावर देतात. हवालदारांनी तोच क्लॅरिनेटवर धरला, त्यामुळे धोका कमी आणि वरात जास्त वाटत होती. पण फुंकत होते जीव तोडून. गावातली कुत्री भुंकायला लागली. ते थांबले नाहीत. सूर वर चढवत राहिले.

मग लांबून ओरडणं ऐकू आलं. "आरं ए दादा! गप की रं! मयत झालं, आता लगीन लावलंय का?"

क्लॅरिनेट थांबलं.

"मशीन बग तुजी!" हवालदार ओरडले. "बंद पडलीया! डुकरं!"

त्यानंतर धावण्याचा आवाज आला, पत्र्याचा डबा बडवल्याचा, मका मोडल्याचा, एका डुकराचा किंवा हिंदुरावांचा चीत्कार, आणि पुन्हा क्लॅरिनेटची एक लांब किंचाळी, जवळून कुणाच्या तरी कानात मारावी तशी. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून फोन कानाला घट्ट लावला होता. भात लागत होता. बऱ्याच वेळाने दोन दमलेली माणसं खुर्चीजवळ येऊन थांबली.

"बॅटरीचा चिमटा निसटला हुता," हिंदुराव धापा टाकत म्हणाले. "पर मी म्हनतो, पिपानी कशाला वाजवायची? हाक मारता येत न्हाई?"

"पिपानी न्हवं, क्लार्नेट. आन हाक कशी मारू? तू बोलत न्हाईस."

"मी? मी बोलत न्हाई? तू बोलत न्हाईस!"

"मी कवा म्हनलं बोलत न्हाई म्हून? तूच वेशीवरनं तोंड फिरवून गेलास!"

"गेलो! जानारच! आता बस हितं आन ऐक!"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फोन बहुतेक खाली अंगणात पडला, कारण आवाज थोडे दबले, पण ऐकू येत होते. मी गॅस बंद केला, पाट घेतला आणि बसले. कुणीही मला निरोप सांगायला सांगितला नाही. त्यांच्या फोनची बॅटरी संपून आवाज तुटला तेव्हा भांडण नुकतं कुठे रंगात येत होतं.